बारावा कोड

"धरा, धरा, नीट समोर धरा!" म्हणत ताईनं कापड कापायच्या टेबलावर पुस्तक सपाट दाबून धरलं. पहिल्या धड्याखालच्या काळ्या चौकोनी कोडवर शाळेतल्या बाईंनी मोबाइल रोखला. त्यांच्या मागे शेजारचा इस्त्रीवाला आणि ताईचा नवरा माना उंचावून उभे. आपल्या शिवणाच्या दुकानात हा जमाव ताईनंच गोळा केला होता. आठवडाभर ताईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

पुस्तक तिच्या धाकट्या बहिणीचं. घरच्या घरी शिवण शिकायचं. धडा वाचायचा, कोड स्कॅन करायचा, की ते काम करून दाखवलेलं मोबाइलवर दिसणार. लिहिणं धाकटीचं, करून दाखवणं ताईचं. कारण धाकटीला साधं तुटलं बटण लावायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या. तिनं तीन दिवस याच टेबलावर ताईच्या हातांचं चित्रण केलं होतं.

"तू बोलत राहा, ताई. आवाज मी नंतर नीट लावते," ती म्हणाली होती. "आणि शेवटच्या कोडमध्ये तुझा चेहरा, तुझं नाव. चांगलं मोठ्या अक्षरात."

आता मोबाइलवर हात दिसले. डाव्या तर्जनीचं नख दुभंगलेलं, एकदा मशीनची सुई आरपार गेली होती तिथंच.

"ताई, तुम्हीच की!" इस्त्रीवाला ओरडला. ताई चक्क लाजली.

मग आवाज आला. धाकटीचा. "आता बघा हं, मी बाही कशी कापते."

"चुकून लागला असेल," ताई म्हणाली. "पुढचा लावा."

पुढच्यात धाकटी म्हणत होती, मी गळा कापते. त्याच्या पुढच्यात, मी काजं करते. वाक्यंसुद्धा जशीच्या तशी ताईची. कापडाशी भांडू नये, त्याच्या कलानं घ्यावं, हे तर ती रोज गिऱ्हाइकांना सांगायची. ताईच्या काळजात चर्र झालं. इतकी वर्षं ती लोकांच्या कपड्यांचे गळे कापत आली, आणि पाठच्या बहिणीनं केसानं तिचाच कापला.

"पुरे आता. बंद करा ते," नवरा म्हणाला.

"नाही. शेवटच्यात माझा चेहरा आहे. तिनं शब्द दिलाय."

बाईंनी पानं उलटत बारावा कोड काढला. आणि खरंच, पडद्यावर ताई होती! मशीनवर बसलेली, तोंडभर हसणारी. खाली तिचं पूर्ण नाव, चांगलं मोठ्या अक्षरात. इस्त्रीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. ताईचा जीव भांड्यात पडला. पोरगी धांदरट आहे, पण शब्दाची पक्की, असं म्हणून तिनं मनातल्या मनात तिला माफही करून टाकलं.

पडद्यावरची ताई बाही उलटी जोडत होती. ते तिसऱ्या दिवशीचं. "गंमत म्हणून जरा वेडंवाकडं शिवून दाखव ना," असं धाकटी म्हणाली होती, आणि तसं शिवताना ताईला केवढा घाम फुटला होता! दोघी पोट धरून हसल्या होत्या.

बाईंनी घाईघाईनं पुस्तकात छापलेल्या धड्याच्या नावावर तळहात ठेवला. पण आवाज कसा झाकणार?

"ही माझी मोठी बहीण," धाकटी लाडानं सांगत होती. "तीस वर्षं शिवतेय, अजून तिला हे जमत नाही. तुम्ही मात्र असं कधी करू नका."