विमानातली एक जागा

सेबॅस्टियनने बॅगेत सगळ्यात आधी काळा सूट ठेवला. वसईहून बहिणीचा, ॲनीचा फोन येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

"दादा, बाबा सिरियस आहेत. लगेच नीघ," एवढंच ती बोलली. रडू आवरेना, तसा तिने फोन ठेवून दिला.

त्याची बायको कॅथरिन विमानाची चौकशी करून आली. "सकाळी आठच्या विमानात एक जागा आहे. तू पुढे हो. तासात मुंबई, अकरापर्यंत घरी. मी मुलींना घेऊन मागून येते."

"पुढे जाऊन करू काय? बाबा गेलेत, कॅथरिन. आपल्याकडे गेल्याचं फोनवर कोण सांगतं? आईच्या वेळचं विसरलीस?"

आईच्या वेळी असंच झालं होतं. सिरियस ऐकून तो धावत सुटला. अहमदाबाद ते मुंबई तासभर विमानात रोझरी म्हणत होता, मी पोचेपर्यंत तिला ठेव म्हणून देवाला विनवत होता. घरी आला तर अंगणात मांडव आणि खुर्च्यांवर सगळं गाव. फोन यायच्या आधीच आई गेली होती. प्रवासात माणसाने हाय खाऊ नये म्हणून गावात सगळेच असं सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्या तासभराच्या प्रार्थनेचा राग अजून गेला नव्हता. पुन्हा तो फसणार नव्हता.

थोरला मुलगा आल्याशिवाय दफन काही होत नाही. मग सगळ्यांनी मिळूनच जावं. पाचशे किलोमीटर, गाडीने अकरा तास. साडेसहाला ते निघाले.

आता घाई कसली, असं स्वतःला बजावूनही त्याची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. भरूचच्या पुलावर ट्रकांची रांग लागली तेव्हा तो उगाचच हॉर्न वाजवत बसला. केळीची वाडी बिल्डरला द्यायचा विषय निघाला, तेव्हा तो बापाला नको ते बोलला होता. दोन वर्षं अबोला होता. माफी मागायची राहिली ती राहिलीच, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

निघतानाच त्याने दोघांचे मोबाईल बंद करून ठेवले होते. वापीला चहा घेताना कॅथरिन म्हणाली, "एक फोन करूया का घरी?"

"कशाला? त्या बिचारीला पुन्हा खोटं बोलायला लावायला?"

मनोरला थांबून त्याने काळा सूट चढवला. संध्याकाळी साडेपाचला गोखिवरे मागे टाकून गाडी गावात शिरली. अंगणात टेंपोतून मांडवाचे बांबू आत्ता कुठे उतरत होते. सकाळपासून कुणाला एवढंही जमू नये, म्हणून तो मनातून चिडला.

ॲनी धावत आली आणि त्याचा काळा कोट बघून थबकली.

"तुला वाटेत कुणी कळवलं?"

"काय कळवलं?"

"बाबा आत्ता साडेचारला गेले, दादा." तिने त्याची बाही घट्ट धरली. "दिवसभर दाराकडे डोळे लावून होते. सारखं एकच विचारायचे, विमानाला तासच लागतो ना गं?"