कानातली कृती

सायबर कॅफेतून छापून आणलेली सांदणांच्या कृतीची पानं घेऊन नम्रता इशरतचाचीच्या ओट्यापाशी उभी राहिली. स्वयंपाक शिकवणारी नवी वेबसाइट तिला कॉलेजसाठी तपासायची होती.

"मी वाचते. लिहिलंय तेवढंच करायचं हं चाची, तुमचं शहाणपण नको!"

इशरत हसली. तिच्या वाफवलेल्या गोड सांदणांशिवाय गावातलं लग्नघर हलत नसे. कृती मागेल तिला ती सांगायची, पण एक गोष्ट राखून. ती तिनं फक्त धाकट्या बहिणीला, पाठवणीच्या वेळी, शपथ घालून कानात सांगितली होती.

"तांदळाचा रवा कालच्या नारळपाण्यात भिजवा..."

इशरतचा हात रव्यातच थांबला.

"चाची, कृतीत काही सुटलंय का? अभिप्रायात लिहायचंय."



"नाही गं पोरी. तिनं काहीसुद्धा सोडलं नाही."