एका सोंगटीने

सकाळी मुलगा-सून घर सोडून गेले, तेव्हापासून माई त्यांच्या रिकाम्या खोलीकडे पाठ करूनच बसल्या होत्या. समोर लेक कॉम्प्युटरला सोंगट्यांचा खेळ शिकवत होती. तो दर वेळी जिंकायचा, पण जेमतेम एका सोंगटीने.

"हे कसलं रडतखडत जिंकणं? समोरच्याची एक सोंगटी पटावर उरता कामा नये!"

"आई, त्याला जिंकण्याशी मतलब. कितीने, ते तो बघतच नाही."

"मग बघायला शिकव. माझ्या घरात असलं मिळमिळीत चालायचं नाही."

लेकीने हसत तसा बदल केला. पुढच्या डावात कॉम्प्युटर जिंकतच आला होता, पण तिची कोपऱ्यातली शेवटची सोंगटीही मारायला धावला आणि हातचा डाव घालवून बसला.

माई खो खो हसल्या. "मेलं मूर्खच आहे की गं! जिंकत होतं ना, मग तिथेच गप्प बसायला काय झालं होतं?"

लेक नुसती रिकाम्या खोलीकडे बघत राहिली, आणि माईंची मान खाली गेली.



काल सून स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "चुकलं माझं, आई". माईंनी तेच तिला पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणायला लावलं होतं.