पाचवा ठिपका

काचपट्टी झटकन ड्रॉवरमध्ये सरकवावी असं तिला वाटलं, पण सर दारातच उभे होते. निवृत्त झाले तरी प्रयोगशाळेत डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"आलं का उत्तर?" त्यांनी विचारलं.

उत्तर कालच आलं होतं. सांगायला जीभ रेटेना. डोंगरावरचं ते पिवळं रानफूल ही वेगळी जात आहे, असं सरांनी तरुणपणी मांडलं होतं. दिसायला ते माळावरच्या साध्या फुलासारखंच, अगदी हुबेहूब. पण वाळल्या फुलांचा अर्क पट्टीवर चढवला की माळावरच्याचे चार ठिपके उमटत, डोंगरावरच्याचे पाच. त्या एका जादा रसायनाच्या जोरावर नवी जात ठरली आणि सरांनी तिला बायकोचं नाव दिलं. बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मागे नाव राहिलं होतं ते या फुलालाच.

"सर, डोंगरावरची ताजी फुलं लावली. चारच ठिपके येतात."

"आणि माझा जुना नमुना?"

"त्याचे पाच."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलून पट्टी डोळ्यांजवळ नेली. कडेला आणखी एक ठिपका होता, एकटाच, पाचव्याच्या अगदी रांगेत.

"हे काय लावलंस?"

"लवंग. तुमच्या जुन्या नमुन्याच्या पुडीच्या घडीत तुकडा सापडला."

सर मटकन स्टुलावर बसले. ज्यांनी हाताला धरून हे काम शिकवलं, त्यांच्याच कमाईवर तिने बोळा फिरवला होता.

"माळावरची फुलं इथेच वाळायची. डोंगरावरची मी घरी न्यायचो, त्यांच्या पुड्या ती बांधायची," सर हळूहळू म्हणाले. "कीड लागू नये म्हणून घातली असेल. मला पत्ताच नाही! आणि मी दीडशहाणा, ताजं फूल एकदाही तपासलं नाही."

"सर, इतक्यात नको छापायला. राहू दे."

"राहू दे काय? चूक ती चूक. छापून टाक."

"पण मग बाईंचं नाव जाईल, सर."

सरांनी पाचव्या ठिपक्यावर अलगद बोट ठेवलं.

"फूल ओळखायला चुकलो गं," ते म्हणाले. "नाव मात्र बरोब्बर ठेवलं होतं."