पांढऱ्या कार्डाची उंदरीण

"मान. नाही."

"डावी काख. नाही."

"उजवी काख. नाही."

व्हर्ना बोटांनी उंदरीण चाचपत होती आणि ऑडेल पलीकडे बसून एकेक 'नाही' कीबोर्डवर टाकत होता. टोलेडोबाहेरच्या त्या प्रयोगशाळेत दर सोमवारी हेच. पिंजरा उघडायचा, उंदरीण काढायची, गाठ शोधायची. जिच्यानं गाठी होतात का ते तपासायचं, ती भुकटी लाल कार्डवाल्यांना तेलात घोटून पाजलेली. पांढऱ्या कार्डवाल्यांना भुकटी नाही. त्या नुसत्या तुलनेला.

"पोट. नाही."

"बोटांना काही कळतं तरी का गं तुझ्या?" ऑडेल म्हणाला. "का सवयीनं 'नाही' म्हणतेस?"

"तुझी कॉफी पिऊन जीभ मेलीय माझी. बोटं शाबूत आहेत."

तो हसला नाही. त्याच्या बायकोच्या, आर्डिथच्या, छातीत गाठ निघाल्यापासून तो हसायच्या जागी नुसता श्वास सोडायचा. बाहेर बर्फावर मीठ टाकणारी गाडी घरघरत गेली.

"कोट इथंच टाकायचो मी," तो म्हणाला. "बनियन तेवढं घरी न्यायचो."

पुन्हा बनियन. व्हर्नाने डोळे मिटले, उघडले.

ऑडेल आधी भुकटी घोटायच्या खोलीत होता. अंगावरचं सगळं इथल्याच धुलाईत टाकायचं, असा नियम. पण इथल्या साबणानं त्याच्या पाठीला खाज सुटायची. म्हणून बनियन घरी. मशीनमध्ये टाकण्याआधी आर्डिथ ते झटकायची. कसं झटकायची, ते तो दर वेळी हातांनी करून दाखवायचा. आत्ताही त्याचे हात उचलले गेले.

"ऑडेल, वय झालं की यांना गाठी येतातच. भुकटी द्या, नका देऊ. किती वेळा सांगू?"

"सांगितलंयस."

"मग?"

"मग काय. पुढची घे."

पुढची. पांढरं कार्ड.

"मान. नाही. डावी काख..."

बोटं थांबली. वाटाण्याएवढी. कातडीखाली सरकत होती. व्हर्नाला आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

"इकडे ये."

"मी लिहिणारा. मी हात लावायचा नसतो."

"ये म्हणते ना. हातमोजा घाल."

तिनं त्याचं बोट धरून उंदरिणीच्या काखेत ठेवलं. त्यानं ते हलवलं नाही. उंदरिणीचं काळीज त्याच्या बोटाखाली धडधडत होतं.

"कार्ड बघ."

"पांढरं."

"आता मला सांग, हिच्या घरी कुणी बनियन नेलं होतं?"

ऑडेलचे खांदे हळूहळू खाली आले. कित्येक आठवड्यांत ते असे खाली आलेले तिनं पाहिले नव्हते. त्यानं श्वास सोडला, आणि या वेळी तो जवळजवळ हसण्यासारखा होता.

"काहीच दिलं नव्हतं हिला," तो म्हणाला.

"काही म्हणजे काही नाही."

"आणि तरी."

"आणि तरी."

तो जाग्यावर जाऊन बसला. डावी काख: आहे. एवढं टाकलं आणि त्याची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"तेल दिलं होतं," तो म्हणाला.

"अरे, भुकटी न घातलेलं नुसतं तेल!"

"मक्याचं. मीच मोजून द्यायचो." त्यानं हातमोजा काढून मांडीवर ठेवला. "घरी तेच आणतो मी. मोठा कॅन. आर्डिथ सगळं त्यातच तळते."

व्हर्नाने उंदरीण पिंजऱ्यात सोडली. पुढची उचलली. कार्ड पांढरंच होतं.

"मान," ती म्हणाली. "नाही."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला नाही.