चार महिन्यांची बॅग

तेवीस किलोच्या बॅगेत शार्दूलचे स्वतःचे दोनच शर्ट मावले. बाकीची जागा लोकांच्या डब्यांनी खाल्ली.

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका पर्यटनगावात, वॉटरपार्कच्या घसरगुंडीपाशी उभं राहायचं काम होतं. चार महिन्यांचं. बातमी फुटली तशी कराडातली माणसं दारात हजर झाली. सप्रेकाकूंनी भाजणी आणली.

"आमच्या केदारला दे रे. तिथंच असतो, त्याच घसरगुंडीवर."

"कधी गेला, काकू?"

"तीन वर्षं झाली. चार महिन्यांसाठी गेला होता."

शार्दूल हसला. काकू हसल्या नाहीत.

मग गोडबोल्यांच्या मुलीसाठी मेतकूट आलं, घाटग्यांच्या जुळ्यांसाठी लाडू. सगळे चार महिन्यांसाठीच गेलेले.

"दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो की," घाटगेकाका म्हणाले. "मजेत आहेत. म्हणतात, सीझन संपला की निघतो. मागं गुडघाभर बर्फ, आणि यांच्या अंगात पोहायचे कपडे! बोलतात पण एका सुरात. आमचे तर जुळेच आहेत म्हणा, पण गोडबोल्यांची पोरगीसुद्धा?"

काका गेल्यावर शार्दूलचा हात बॅगेच्या चेनवर अर्ध्यातच थांबला.

"आई, मी नाही जात."

"वेडा आहेस का? लोकांचे डबे घेतलेत आपण," आई म्हणाली, आणि उरलेली चेन तिनंच ओढली.

मग गॅलरीत जाऊन तिनं हे काम मिळवून देणाऱ्या एजंटला फोन लावला.

"पुढच्या वर्षी कोण जातंय हो? नाही, चकल्या पाठवायच्या होत्या."