यादीवरचा श्रीकार

"काका, किराण्याच्या यादीवर 'श्री' कशाला? ते पुसताच येत नाहीये!"

मुरलीधरांनी चष्मा पुसून केतकी नावाच्या त्या अनोळखी मुलीची तक्रार पुन्हा वाचली. ते आधी वापरत त्या ॲपच्या कंपनीने वर्गणीसाठी त्यांच्या नोंदींना कुलूप घातले, तेव्हा त्यांनी हट्टाने स्वतःचे नोंदींचे ॲप रचले होते. ते सर्वांना मोफत होते, आणि त्याची आतली घडणही कुणीही पाहावी, बदलावी, अशी खुली ठेवली होती. परंतु इतक्या महिन्यांत तिकडे कुणी फिरकले नव्हते. आता ही पहिली आली, ती भांडतच आली.

प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर 'श्री' आपोआप उमटावे, ही योजना त्यांचीच. त्यांची दिवंगत पत्नी कुमुदिनी दळणाची चिठ्ठीसुद्धा 'श्री' लिहिल्यावाचून सुरू करीत नसे. ते अक्षर कुणाला नकोसे होईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आले नव्हते.

जड मनाने त्यांनी ते पुसण्याची सोय केली आणि तसे कळवले.

"थँक्यू काका! झालं काम."

आता ही निघून जाणार, असे त्यांना वाटले. त्यांनी घाईघाईने लिहिले, "काय काय आहे यादीत?"

केतकीचे उत्तर आले.

"साबुदाणा, दाणे. उद्या संकष्टी ना! तुमच्याकडे नाही करत?"

कुमुदिनी गेल्यापासून उद्या कोणता दिवस आहे, हे मुरलीधरांना कुणी सांगितलेच नव्हते.

"करतो की," असे लिहून ते उठले आणि साबुदाण्याचा डबा शोधू लागले.